वाचकांचे प्रश्न : रोडमॅपवरील कामे, तारखा आणि त्यांमागची कारणे

सॉफ्टवेअर उत्पादनाचा रोडमॅप कसा आखावा आणि आखल्यानंतर तो कसा सांभाळावा, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकच शंका अनेकांनी विचारली असेल, तेथे त्या पत्रांचा आशय एकत्र केला आहे.

प्रश्न : आमच्या कंपनीत वर्षाच्या सुरुवातीला पुढील बारा महिन्यांत कोणते फीचर कोणत्या तारखेला येणार, याचा तक्ता संचालकांपुढे ठेवावा लागतो. दुसरी तिमाही संपेपर्यंत त्यातील बहुतेक तारखा चुकलेल्या असतात आणि उरलेले वर्ष खुलासे देण्यात जाते. रोडमॅप करूच नये, असे मला आता वाटू लागले आहे. आपले मत काय?

उत्तर : रोडमॅप अवश्य करावा. तुमची अडचण रोडमॅपमुळे उद्भवलेली नाही. त्याच्यावर वेळापत्रकाचे काम लादल्यामुळे ती उद्भवली आहे. कोणत्या ग्राहकाची कोणती अडचण आपण आधी सोडवणार आहोत, तीच आधी का घेतली आणि तिच्यासाठी कोणते काम मागे ठेवले, हे सर्व विभागांना एकाच वेळी समजावे, यासाठी रोडमॅप असतो. अमुक फीचर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येईल, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

ही पद्धत मुळात हार्डवेअरच्या जगात रुजली. मोटोरोला कंपनीने आपली तंत्रज्ञान-रोडमॅपची पद्धत १९८७ मध्ये एका लेखाद्वारे जगासमोर मांडली. कोणते तंत्रज्ञान केव्हा तयार होईल आणि त्यावर आधारलेले उत्पादन केव्हा बाजारात नेता येईल, यांचा मेळ अनेक वर्षे आधी घालणे हा तिचा हेतू होता. कारखाना उभारायचा, सुटे भाग मागवायचे, तर इतक्या आधी ठरवल्यावाचून गत्यंतर नसते. सॉफ्टवेअरची परिस्थिती याहून वेगळी आहे. येथे दिशा बदलण्याचा खर्च तुलनेने कमी असतो आणि कामाविषयीची महत्त्वाची माहिती काम करतानाच हाती येते. म्हणून बारा महिन्यांनंतरची तारीख आज ठरवून टाकण्यात फायदा थोडा आणि धोका मोठा असतो.

हा धोका किती मोठा, याचा एक जुना अंदाज उपलब्ध आहे. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे अभ्यासक बॅरी बोहम यांनी १९८१ मध्ये असे दाखवले, की प्रकल्प केवळ कल्पनेच्या टप्प्यावर असताना केलेला श्रमांचा अंदाज प्रत्यक्षाच्या एक चतुर्थांशापासून चौपटीपर्यंत कोठेही असू शकतो. म्हणजे चार महिन्यांचे म्हणून सांगितलेले काम एका महिन्यात संपेल किंवा सोळा महिने चालेल, अशी दोन्ही टोके शक्यतेच्या कक्षेत येतात. त्यात माणसाच्या स्वभावाचीही भर पडते. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नोंदवले होते, की अंदाज करताना माणूस समोरच्या योजनेतील पायऱ्या मोजतो आणि तशाच स्वरूपाची पूर्वीची कामे प्रत्यक्षात किती लांबली, हे विचारात घेत नाही. यावर उपाय साधा आहे, पण तो क्वचितच केला जातो. आपल्याच टीमच्या मागील आठ-दहा कामांचा मूळ अंदाज आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ शेजारी शेजारी लिहून काढा. अंदाज दीडपटीने चुकण्याची सवय दिसली, तर पुढच्या अंदाजाला दीडने गुणूनच बोलावे; या वेळी तसे होणार नाही, हा विश्वास बाजूला ठेवावा.

मांडणीसाठी ‘आत्ता’, ‘यापुढे’ आणि ‘नंतर’ अशा तीन रकान्यांचा रोडमॅप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. ही पद्धत जॅना बॅस्टो यांनी लोकप्रिय केली. ‘आत्ता’च्या रकान्यातील कामांचा तपशील स्पष्ट असतो आणि त्यांच्या तारखाही बऱ्याच विश्वासाने देता येतात. ‘यापुढे’मध्ये सोडवायची अडचण निश्चित असते, परंतु उपाय अजून पक्का झालेला नसतो. ‘नंतर’मध्ये केवळ दिशा असते. अंतर वाढते तशी खात्री घटते, ही गोष्ट कागदावरच दिसते आणि ती तोंडी समजावून सांगावी लागत नाही.

तारखा मुळीच नसाव्यात, असे मात्र मी म्हणत नाही. काही तारखा बाहेरून ठरून येतात आणि त्या हलत नाहीत. युरोपीय संघाचा माहिती-संरक्षणाचा नियम २५ मे २०१८ पासून लागू झाला. ज्यांच्या उत्पादनाला तो लागू होता, त्यांच्या रोडमॅपवर ही तारीख ठळकपणे असणे आवश्यकच होते. करारातील मुदती याच प्रकारात येतात. दुसरा मार्ग म्हणजे तारीख स्वतःच पक्की करणे आणि कामाची व्याप्ती लवचीक ठेवणे. उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती २००४ पासून दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते. जे फीचर वेळेत तयार होत नाही, ते पुढच्या आवृत्तीत जाते. दीर्घकालीन सपोर्ट असलेली त्यांची पहिली आवृत्ती २००६ मध्ये एप्रिलऐवजी जूनमध्ये काढली गेली, परंतु तो निर्णय विचारपूर्वक आणि उघडपणे घेतलेला अपवाद होता. तारीख आणि व्याप्ती या दोन्ही एकाच वेळी बांधून घेतल्या, की तडजोड गुणवत्तेत होते. ती लगेच दिसत नाही, म्हणून अधिक घातक ठरते.

संचालकांपुढे जाताना प्रत्येक कामासमोर तारखेऐवजी एक वाक्य लिहून न्या : हे काम आपण का करत आहोत आणि कोणती गोष्ट खरी नाही असे कळल्यास ते सोडून देऊ. उदाहरणार्थ, “नवे वापरकर्ते नोंदणीच्या तिसऱ्या पायरीवर थांबतात, म्हणून नोंदणी सोपी करत आहोत; पायरी काढूनही ते थांबत राहिले, तर कारण किमतीत आहे असे समजून हे काम बंद करू.” असे वाक्य लिहिलेले असेल, तर बदल झाल्यावर खुलासा द्यावा लागत नाही, कारण तो आधीच दिलेला असतो. पूर्ण रोडमॅपमध्ये मला सर्वांत मोलाचे काही वाटत असेल, तर ते हे वाक्य. ज्या रोडमॅपमध्ये कारणे लिहिलेली नसतात, त्यातला प्रत्येक बदल बाहेरच्यांना वचनभंगासारखा वाटतो आणि त्यांना दोष देता येत नाही.

प्रश्न : आमच्या विक्री विभागाने एका मोठ्या ग्राहकाला एक फीचर देण्याचे परस्पर कबूल केले आहे. ते रोडमॅपवर नाही आणि इतर कोणाच्या उपयोगाचे आहे असेही दिसत नाही. नकार दिला तर ग्राहक जाईल, होकार दिला तर तिमाहीतील निम्मे काम बाजूला पडेल. अशा वेळी काय करावे?

उत्तर : प्रथम त्या ग्राहकाशी स्वतः बोला आणि बोलताना फीचरविषयी विचारू नका, ते नसल्यामुळे त्याचे कोणते काम अडते, हे विचारा. विक्री प्रतिनिधीमार्फत आलेली मागणी ही बहुधा ग्राहकाने स्वतः सुचवलेला उपाय असतो, आणि मूळ अडचण समजल्यावर पुष्कळदा लहान किंवा इतरांनाही उपयोगी पडेल असा उपाय सापडतो. समजा, ‘आमच्या नमुन्याप्रमाणे स्वतंत्र अहवाल हवा’ अशी मागणी आहे. चौकशी केल्यावर त्यांना एकूण माहिती दर आठवड्याला आपल्या दुसऱ्या यंत्रणेत न्यायची आहे, एवढेच निघाले, तर माहिती निर्यात करण्याची साधी सोय त्यांचेही काम भागवते आणि इतरांचेही.

असा मार्ग निघाला नाही, तर निर्णय तुम्ही एकट्याने घेऊ नका. विक्री प्रमुख आणि कंपनीचे नेतृत्व यांच्यापुढे दोन रोडमॅप शेजारी शेजारी ठेवा. एकात हे फीचर असेल, दुसऱ्यात नसेल, आणि पहिल्यात त्यामुळे जी कामे बाहेर पडतात ती नावानिशी लिहिलेली असतील. “हे होणार नाही” असे म्हणण्यापेक्षा “हे घेतले तर ते जाईल, कोणते ठेवायचे?” असा प्रश्न विचारणे अधिक न्याय्य आहे, कारण उत्पन्न आणि उत्पादन यांतील निवड ही खरोखर कंपनीची निवड आहे. कधी कधी त्या ग्राहकाचे उत्पन्न इतके महत्त्वाचे असते, की फीचर करणेच योग्य ठरते. मग ते करावे, परंतु करण्याचे कारण रोडमॅपवर स्पष्ट लिहावे. ‘अनेक वापरकर्त्यांची मागणी’ असे लेबल लावून ते आत सरकवू नये. पुढच्या वेळी खऱ्या मागण्या ओळखणे तुम्हालाच कठीण जाईल.

विक्री विभागाला एक ठरावीक मर्यादाही द्यावी. ‘आत्ता’च्या रकान्यातील गोष्टींबद्दल त्यांनी ग्राहकाशी मोकळेपणाने बोलावे, ‘यापुढे’बद्दल केवळ दिशा सांगावी आणि ‘नंतर’बद्दल कोणतेही आश्वासन देऊ नये. ही मर्यादा कोणी आखूनच दिलेली नसते, म्हणून ती ओलांडली जाते. असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

प्रश्न : प्राधान्यक्रम ठरवण्यासाठी आम्ही राइस पद्धतीने गुण देतो. तरीही बैठकीत वाद मिटत नाहीत. उलट प्रत्येक जण आपल्या आवडत्या फीचरचे गुण वाढवून आणतो. पद्धत चुकीची आहे की आमची वापरण्याची रीत?

उत्तर : पद्धत चांगली आहे, तिच्याकडून अपेक्षा चुकीची आहे. ज्यांना ती परिचित नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंटरकॉम या कंपनीत तयार झालेल्या या पद्धतीत ठरावीक काळात किती वापरकर्त्यांपर्यंत काम पोहोचेल, प्रत्येकावर त्याचा किती परिणाम होईल आणि या अंदाजांवर आपला किती विश्वास आहे, या तिन्हींचा गुणाकार करून त्याला लागणाऱ्या श्रमांनी भागतात.

आता दोन काल्पनिक कामे घेऊ. पहिले काम तिमाहीत २,००० वापरकर्त्यांपर्यंत पोहोचते, परिणाम १, विश्वास ८० टक्के, श्रम ४ मनुष्य-महिने (एका माणसाचे महिनाभराचे काम म्हणजे एक मनुष्य-महिना). त्याचे गुण ४०० होतात. दुसरे ५०० जणांपर्यंत पोहोचते, परिणाम ३, विश्वास ५० टक्के, श्रम दीड मनुष्य-महिना. त्याचे गुण ५०० होतात. यादीत दुसरे काम वर गेले. परंतु दुसऱ्या कामाचे श्रम दीडऐवजी दोन महिने धरले, तर गुण ३७५ होतात आणि क्रम उलटतो. मनुष्य-महिन्याच्या अर्ध्या भागाइतका फरक कोणत्याही अंदाजात सहज असतो, म्हणजे ४०० आणि ५०० या आकड्यांतील अंतराला प्रत्यक्षात काही अर्थ नव्हता. याउलट एका कामाचे गुण ४०० आणि दुसऱ्याचे ४० असतील, तर अंदाजात बरीच चूक असूनही क्रम बदलणार नाही, आणि तेथे ही पद्धत मोठा आधार देते.

म्हणून गुणांचा उपयोग यादीचे ढोबळ गट पाडण्यासाठी करावा. एका गटातील कामांचा क्रम मात्र उत्पादनाच्या धोरणावरून ठरवावा : या वर्षी आपल्याला नवे वापरकर्ते हवे आहेत, की असलेले टिकवायचे आहेत? या प्रश्नाचे उत्तर कंपनीत कोणी दिलेले नसेल, तर तुमच्या बैठकीतला वाद गुणांवरचा नसून त्या न दिलेल्या उत्तरावरचा आहे आणि तो तेथे कधीच मिटणार नाही. एक व्यावहारिक सूचनाही करतो. विश्वासाचा आकडा वाढवण्यासाठी पुरावा मागण्याची शिस्त लावा. वापरकर्त्यांच्या मुलाखती, वापराची आकडेवारी किंवा लहान चाचणी यांपैकी काहीच नसेल, तर विश्वास ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. गुण फुगवण्याची सवय एवढ्याने बरीच कमी होते.

प्रश्न : मी डेव्हलपर आहे. जुना कोड सुधारण्याचे काम आमच्या रोडमॅपवर कधीच येत नाही. आता टीममधील काही जण पूर्ण उत्पादन नव्याने लिहावे, असे म्हणत आहेत. प्रॉडक्ट मॅनेजरला हे कसे पटवावे?

उत्तर : पूर्ण उत्पादन नव्याने लिहिण्याची मागणी करण्यापूर्वी नेटस्केपचा इतिहास आठवावा. त्यांच्या ब्राउझरची चौथी आवृत्ती १९९७ मध्ये आली. त्यानंतर कोड नव्याने लिहिण्याचा निर्णय झाला, पाचवी आवृत्ती वगळली गेली आणि सहावी २००० च्या नोव्हेंबरमध्ये आली. मधल्या काळात इंटरनेट एक्सप्लोररने बाजार काबीज केला होता. त्यांच्या पराभवाला इतरही कारणे होती, परंतु तीन वर्षे वापरकर्त्याच्या हाती नवे काही न देणे हे त्यांतील एक ठळक कारण होते. एका वेळी एक भाग बदलत जाणे संथ वाटते, तरी प्रत्येक टप्प्यावर उत्पादन चालू राहते आणि मध्येच थांबावे लागले तरी केलेले काम वाया जात नाही.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये अशा साठलेल्या कामाला कर्जाची उपमा दिली आणि तिचा अर्थ व्याजात आहे. तेव्हा प्रॉडक्ट मॅनेजरला कोड किती वाईट आहे हे सांगू नका. तुम्ही किती व्याज भरत आहात ते सांगा. पेमेंटच्या भागात हात घातला की प्रत्येक लहान बदलाला किती दिवस जास्त लागतात, गेल्या तिमाहीतील किती बग त्याच भागातून आले, आणि रोडमॅपवरील पुढच्या कोणत्या तीन कामांना त्याच भागातून जावे लागणार आहे, अशी माहिती मांडली तर ते काम आपोआप रोडमॅपच्या भाषेत बोलू लागते. ज्या जुन्या भागाला पुढील वर्षभर कोणी हात लावणार नाही, तो कितीही कुरूप असला तरी सध्या तसाच राहू द्यावा. दर स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरावीक लहान टप्प्यात, काही हिस्सा अशा कामांसाठी राखून ठेवण्याची प्रथाही चांगली आहे. मात्र तो हिस्सा कोठे खर्च झाला, हे सांगण्याची जबाबदारी डेव्हलपरांनी घ्यायला हवी.

प्रश्न : सर्व विभाग समाधानी राहावेत म्हणून आम्ही एकाच वेळी बारा कामे सुरू ठेवली आहेत आणि सर्वच रखडली आहेत. माणसे वाढवावीत का?

उत्तर : माणसे वाढवण्याआधी सुरू असलेली कामे कमी करावीत. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम येथे थेट लागू पडतो : सुरू असलेल्या कामांच्या सरासरी संख्येला काम पूर्ण होण्याच्या वेगाने भागले, की एका कामाला लागणारा सरासरी काळ मिळतो. तुमची टीम महिन्याला दोन कामे पूर्ण करत असेल आणि बारा सुरू असतील, तर प्रत्येकाला सरासरी सहा महिने लागतील. तोच वेग ठेवून चारच कामे सुरू ठेवली, तर दोन महिने लागतील. ज्या आठ विभागांना थांबावे लागेल, त्यांचे आजही काही होत नाही; फरक इतकाच, की आज त्यांना ते माहीत नाही. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे भरल्याने तो आणखी लांबतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच सांगितले आहे. नव्या माणसाला शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि आपसातील संवादाचा भार वाढतो.

प्रश्न : आम्ही अजाइल पद्धतीने, म्हणजे लहान टप्प्यांत आणि बदल स्वीकारत, काम करतो. मग रोडमॅपची गरज काय?

उत्तर : फेब्रुवारी २००१ मध्ये सतरा जणांनी मिळून लिहिलेल्या अजाइल जाहीरनाम्यात योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देण्याला अधिक मोल दिले आहे, परंतु योजनेलाही मोल आहे, हे त्याच जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये काय करायचे ते बॅकलॉगवरून, म्हणजे करायच्या कामांच्या यादीवरून, ठरते. त्या बॅकलॉगमध्ये काय यावे आणि काय येऊ नये, हे मात्र रोडमॅपशिवाय ठरत नाही, आणि तो नसेल तर सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याचे काम वर जाते.

प्रश्न : ग्राहकांना रोडमॅप दाखवावा का? आणि एखादे जुने फीचर बंद करायचे असेल, तर ते त्यात लिहावे का?

उत्तर : दाखवावा, मात्र बाहेरची प्रत वेगळी असावी. तिच्यात अडचणी आणि दिशा असाव्यात. अंतर्गत अंदाज, श्रमांचे आकडे आणि दूरच्या तारखा नसाव्यात. त्या रोडमॅपवर विसंबून कोणी खरेदीचा निर्णय घेऊ शकते, ही जाणीव ठेवून प्रत्येक ओळ लिहावी.

दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर निःसंदिग्ध होकारार्थी आहे. बंद होणारी गोष्ट नव्या फीचरपेक्षाही आधी जाहीर व्हायला हवी, कारण नवे फीचर उशिरा आले तर ग्राहक वाट पाहतो, पण वापरात असलेले अचानक गेले तर त्याचे काम थांबते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीची (पायथन २) समाप्ती आधी २०१५ साठी ठरली होती. असंख्य प्रकल्प अजून त्यावर चालत असल्याचे पाहून २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढवली गेली आणि १ जानेवारी २०२० रोजी सपोर्ट खरोखर थांबला. अडोबीने वेबपानांवर अ‍ॅनिमेशन आणि व्हिडिओ दाखवणारे फ्लॅश बंद करण्याची घोषणा जुलै २०१७ मध्ये केली आणि ३१ डिसेंबर २०२० ही शेवटची तारीख ठेवली. दोन्ही ठिकाणी वापरकर्त्यांना वर्षांच्या हिशेबाने अवधी मिळाला. तुमचे उत्पादन लहान असेल तर इतका काळ लागणार नाही, परंतु पर्याय कोणता, माहिती कशी हलवायची आणि मदत कोणाकडे मागायची, या तीन गोष्टी घोषणेच्याच दिवशी तयार असाव्यात.

प्रश्न : आमची टीम अवघी चार जणांची आहे. रोडमॅपचा आढावा किती दिवसांनी घ्यावा आणि त्यासाठी एखादे सॉफ्टवेअर विकत घ्यावे का?

उत्तर : चार जणांना एक साधी स्प्रेडशीट पुरेशी आहे. दर महिन्याला तासभर बसून ‘आत्ता’चा रकाना तपासावा आणि दर तिमाहीला तिन्ही रकाने नव्याने वाचावेत. तिमाही बैठकीत प्रत्येक कामासमोरचे कारण मोठ्याने वाचा आणि ते अजून खरे आहे का, एवढेच विचारा. जे काम सलग दोन तिमाही ‘नंतर’मध्येच पडून आहे आणि ज्याचे कारण वाचताना कोणीच त्याची बाजू घेत नाही, ते काढून टाका, खरोखर गरजेचे असेल तर ग्राहक ते पुन्हा मागतील. काढलेली कामे वेगळ्या पानावर तारीख आणि कारणासह ठेवा. सहा महिन्यांनी टीममध्ये पाचवी व्यक्ती आली आणि तिने तीच कल्पना मांडली, तर ती कल्पना आधी का सोडली होती आणि आता परिस्थिती बदलली आहे का, हे त्या पानावरून तिला तेथल्या तेथे सांगता येईल.